बुजऱ्या कुत्र्यासाठी छायाचित्रकार निवडताना...

पाली (जि. रत्नागिरी) : मे महिन्याच्या सुटीत किंवा गणपतीला मुंबई-पुण्याची कुटुंबे कोकणात उतरतात, तेव्हा अलीकडे गाडीच्या मागच्या आसनावर घरचा कुत्राही असतो. आजी-आजोबा, मुले, सुना, नातवंडे असे सगळे बऱ्याच दिवसांनी एकत्र आलेले असतात. मग चिऱ्याच्या घरासमोर, खळ्यात उभे राहून एक छायाचित्र काढून घ्यावे, अशी टूम निघते. त्यात कुत्रा हवाच, असा मुलांचा आग्रह असतो. कुत्रा वयाने थकलेला असेल तर त्या आग्रहामागे एक न बोललेली काळजीही असते. पुढच्या वर्षी तो असेल की नाही, कोणी सांगावे?

कुत्रा माणसाळलेला आणि धीट असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. परंतु अनोळखी माणूस दिसताच पलंगाखाली दडणारा, अंगावर कोणी वाकले की गुरगुरणारा किंवा साखळीला हिसके देत भुंकत सुटणारा कुत्रा असेल, तर तेच काम अवघड होते; प्रसंगी धोक्याचेही. अशा वेळी बहुतेकजण छायाचित्रकाराची निवड त्याच्या कामाचे नमुने आणि दर पाहून करतात. मुळात चूक होते ती येथेच. बुजऱ्या कुत्र्यासाठी छायाचित्रकार निवडताना त्याची छायाचित्रे किती देखणी आहेत, यापेक्षा कॅमेरा केव्हा खाली ठेवायचा हे त्याला कळते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

दोन रस्त्यांच्या तिठ्यावर

पालीचे उदाहरण घेण्याचे कारण तिच्या भूगोलात आहे. रत्नागिरी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले हे गाव मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर (क्रमांक ६६, पूर्वीचा १७) वसले आहे. साखरपा आणि आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. त्यामुळे बाजारपेठेच्या परिसरात ट्रक, एसटी आणि खासगी गाड्यांची वर्दळ दिवसरात्र असते. रस्त्यापासून आत वाडीत शिरले, की मात्र गडग्यांनी आखलेली आवारे, आंब्या-काजूच्या बागा आणि बऱ्यापैकी शांतता मिळते.

शहरातल्या कुत्र्याला हा बदल सोपा नसतो. मुंबईहून येथे पोहोचेपर्यंत सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास झालेला असतो. गावातले मोकळे कुत्रे नव्या पाहुण्याची दखल घ्यायला बेड्यापाशी येऊन उभे राहतात. आंब्याच्या हंगामात माकडांना पिटाळण्यासाठी बागांमधून फटाके वाजवले जातात. शिमग्यात पालखीबरोबर ढोल-ताशे येतात, तर गणपतीत घर माणसांनी भरून जाते. अशा स्थितीत आधीच बावरलेल्या कुत्र्यासमोर कॅमेरा घेऊन आणखी एक परका माणूस उभा राहिला, तर त्याची सहनशक्ती संपू शकते. घाबरलेला कुत्रा चावतो तरी किंवा पळतो तरी. महामार्गालगतच्या गावात पळालेला कुत्रा कोठे जाईल आणि कशाखाली येईल, हे सांगण्याची गरज नाही. छायाचित्रकाराची निवड हा हौसेचा विषय न राहता सुरक्षिततेचा विषय होतो, तो यामुळे.

'चिडका' म्हणजे बहुधा घाबरलेला

श्वानप्रशिक्षक ज्या कुत्र्याला 'रिॲक्टिव्ह' म्हणतात, त्याला आपल्याकडे सर्रास 'चिडका' किंवा 'मारका' ठरवले जाते. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ एवढाच, की एखाद्या गोष्टीला हा कुत्रा इतरांपेक्षा लवकर आणि अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतो. ती गोष्ट दुसरा कुत्रा असू शकते, दुचाकी असू शकते, डोक्यावर हेल्मेट घातलेला माणूस असू शकतो किंवा धावणारे मूलही. भुंकून, दात दाखवून तो समोरच्याला दूर ठेवू पाहत असतो. या आवेशाच्या मुळाशी अनेकदा भीतीच असते.

दुसरा प्रकार आहे बुजऱ्या कुत्र्याचा. तो भुंकत नाही. थिजतो, शेपूट पोटाखाली घेतो, मालकाच्या पायामागे लपतो. तो 'गरीब' आहे, असा पाहुण्यांचा समज होतो आणि लाड करण्यासाठी चार हात एकदम पुढे येतात. पळायला वाट नाही असे दिसले, की हाच गरीब कुत्रा चावतो. पिल्लू असताना माणसांची, आवाजांची ओळख न झालेले, रस्त्यावरून उचलून आणलेले, मार खाल्लेले किंवा एखाद्या दुखण्याने बेजार असलेले कुत्रे या दोन्ही प्रकारांत मोडतात. एरवी शांत असलेला कुत्रा अलीकडेच चिडू लागला असेल, तर छायाचित्रकाराआधी पशुवैद्यकाला गाठावे. कानातला संसर्ग, दातदुखी किंवा सांधेदुखी यांमुळेही कुत्र्याचा स्वभाव पालटल्यासारखा वाटतो.

कॅमेऱ्यात भिण्यासारखे काय आहे?

माणसाच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेला कॅमेरा कुत्र्याच्या जगात बराच उर्मट ठरतो. कुत्र्यांच्या आपसातल्या व्यवहारात अनोळख्याकडे टक लावून पाहणे हे आव्हान असते. लेन्स म्हणजे तर न मिटणारा एक मोठा गोल डोळाच. ती रोखलेली असताना माणसाचा चेहरा कॅमेऱ्यामागे जातो, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज कुत्र्याला घेता येत नाही. त्यातच छायाचित्रकार समोरून चालत येतो, गुडघ्यावर बसतो, पुढे वाकतो. समजूतदार कुत्री एकमेकांकडे अशी सरळ रेषेत जात नाहीत. वळसा घेऊन, बाजूने जातात.

आवाजाचेही तसेच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे. काही फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टीसारखा आवाज करतात. तो आपल्या कानावर जेमतेम पडतो, कुत्र्याला मात्र स्पष्ट ऐकू येतो. फ्लॅशचा अचानक उडणारा लखलखाट विजेला आणि फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याला नेमकी त्याच भीतीची आठवण करून देतो. लग्नसमारंभांमुळे गावोगाव पोहोचलेला ड्रोन तर या कामातून पूर्णपणे वगळावा. डोक्यावर घोंघावणाऱ्या त्या वस्तूपासून कोठे पळावे, हेच कुत्र्याला कळत नाही.

आधी इशारा, मग चावा

कुत्रा 'काही न सांगता' चावला, असे नंतर सांगितले जाते. बहुतेक वेळा त्याने आधी बरेच काही सांगितलेले असते; ते कोणी वाचलेले नसते. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिड रुगोस यांनी कुत्र्यांच्या या मूक खुणांकडे जगभरातल्या श्वानप्रेमींचे लक्ष वेधले. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाऊ नसताना जिभेने नाक चाटणे, मान वळवणे, उगाच जमीन हुंगत बसणे, ही ताण वाढल्याची सौम्य लक्षणे असू शकतात. ब्रिटनमधील पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी हाच क्रम शिडीच्या रूपात मांडला. तळाच्या पायऱ्यांवर जांभई, नजर चुकवणे आणि दूर जाणे असते. वर जावे तसे थिजणे, गुरगुरणे, हवेत दात मारणे येते आणि शेवटच्या पायरीवर चावा असतो. खालच्या पायऱ्यांवर दिलेले इशारे वारंवार दुर्लक्षित झाले, की कुत्रा त्या पायऱ्या गाळून थेट वर जायला शिकतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावू नये. गुरगुरणे हा धोक्याचा भोंगा आहे. तो बंद पाडल्याने धोका टळत नाही, फक्त सूचना मिळेनाशी होते. दुसरी गोष्ट 'हसऱ्या' कुत्र्याची. उकाडा नसताना किंवा धावपळ झालेली नसताना तोंड उघडे टाकून, ओठांचे कोपरे मागे ताणून धापा टाकणारा कुत्रा छायाचित्रात हसल्यासारखा दिसतो. त्याच वेळी डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसत असेल आणि कान मागे चिकटलेले असतील, तर ते हसू नसते. अशी छायाचित्रे मोठ्या कौतुकाने भिंतीवर लागतात, हा भाग वेगळा.

तंत्र बदलले, सवयी राहिल्या

चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर व शरीरावर कशा उमटतात, यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. छायाचित्रांचा वापर करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रीय ग्रंथांत त्याची गणना होते. त्यात माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे आहेत. कुत्र्यांचा वैरभाव आणि लाडीगोडी दाखवण्यासाठी मात्र चित्रकारांच्या रेखाटनांचा आधार घेतलेला आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे माणसालाही बराच वेळ निश्चल राहावे लागे. कुत्र्याकडून ती अपेक्षा कशी ठेवणार? कुत्र्याला 'बसवून' ठेवण्याची, त्याची मान धरून ठेवण्याची सवय अशा अडचणींच्या काळाशी सुसंगत होती.

आज ती अडचण उरलेली नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात छायाचित्र टिपले जाते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत आवाज न करता चालणारे शटर असते. २०१९ मध्ये सोनी कंपनीने आपल्या काही कॅमेऱ्यांत प्राण्यांच्या डोळ्यांवर आपोआप फोकस साधण्याची सोय दिली आणि पुढे इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती आली. म्हणजे कुत्र्याने एका जागी बसलेच पाहिजे, कॅमेऱ्याकडे पाहिलेच पाहिजे, अशी सक्ती करण्याचे तांत्रिक कारण आता राहिलेले नाही.

लेन्सचे गणित सर्वांत बोलके आहे. पूर्ण आकाराचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर १० मीटर अंतरावरून सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावते. एक कुत्रा आणि त्याच्या शेजारी बसलेले एक माणूस त्यात सहज येते. तेवढेच दृश्य ५० मिलिमीटरच्या लेन्सने टिपायचे, तर अडीच मीटरवर यावे लागते. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सला तर सव्वा मीटरपर्यंत जवळ जाणे भाग पडते. बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत १० मीटर आणि सव्वा मीटर यांत छायाचित्र मिळणे आणि चावा बसणे एवढा फरक असू शकतो. म्हणून छायाचित्रकाराला कॅमेरा कोणता असे विचारण्याऐवजी, किती अंतरावरून काम करता असे विचारावे.

काय विचारावे?

पहिला प्रश्न : कुत्रा भुंकू किंवा गुरगुरू लागला तर काय कराल? 'मागे सरेन, थांबेन, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी येईन' हे योग्य उत्तर आहे. 'काळजी करू नका, माझ्याशी सगळी कुत्री लगेच दोस्ती करतात' हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पण त्यात आत्मविश्वास अधिक आणि अनुभव कमी असण्याची शक्यता असते. 'दोन मिनिटे घट्ट धरा, तेवढ्यात होऊन जाईल' असे कोणी म्हटले, तर तेथेच बोलणे आवरते घ्यावे.

दुसरा प्रश्न भेटीचा. कॅमेरा बाहेर न काढता आधी एकदा भेटायला येण्याची तयारी आहे का? अंतरामुळे ते जमणार नसेल, तर निदान दूरध्वनीवर कुत्र्याची माहिती विचारून घेतो का? कुत्रा कशाला भितो, खायला काय आवडते, पूर्वी कोणाला चावला आहे का, हे छायाचित्रकाराने स्वतःहून विचारले, तर तो जाणता आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न साहित्याचा आणि माणसांचा. फ्लॅश वापरणार की नैसर्गिक प्रकाश? सोबत किती मदतनीस येतील? बुजऱ्या कुत्र्यासाठी नैसर्गिक प्रकाश आणि एकटा छायाचित्रकार, फार तर एक मदतनीस, हे उत्तम. छत्र्या, स्टँड आणि वायरी यांचा पसारा जितका कमी तितके बरे.

चौथा प्रश्न व्यवहाराचा आहे. म्हणून तो बहुधा विचारायचाच राहतो. काम अर्ध्यावर थांबवावे लागले तर पैशांचे काय? वेळेवर बांधलेला छायाचित्रकार घाई करतो आणि भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून मालकही कुत्र्याला रेटत राहतो. दोघांच्या घाईचा भार शेवटी कुत्र्यावर पडतो. त्यामुळे काम थांबल्यास दुसरी तारीख मिळेल किंवा झालेल्या वेळेचेच पैसे द्यावे लागतील, हे आधीच कागदावर यावे.

पाचवा प्रश्न साखळीचा. साखळी सोडावी लागेल का? याचे उत्तर 'नाही' असेच हवे. साखळी आणि ती धरणारा हात नंतर संगणकावर पुसता येतो. त्यासाठी कॅमेरा न हलवता कुत्र्याशिवायची रिकामी पार्श्वभूमी एकदा टिपून ठेवायची असते. ही युक्ती ठाऊक असलेला छायाचित्रकार साखळी सोडण्याचा आग्रह धरणार नाही.

नमुने कसे पाहावेत?

नमुना म्हणून दाखवली जाणारी दहा-बारा छायाचित्रे निवडक असतात. शक्य असेल तर एकाच कामातली सगळी छायाचित्रे पाहायला मागावीत. पाहताना प्रकाश आणि रंग थोडे बाजूला ठेवून कुत्र्याचे शरीर पाहावे. अंग सैल आहे की ताठरलेले? शेपूट कोठे आहे? मिठी मारणाऱ्या मुलाकडे त्याचा चेहरा आहे, की तो मान फिरवून दूर पाहतो आहे? उंच स्टुलावर बसवलेली, टोप्या-चष्मे घातलेली, गळ्यात हात टाकून आवळून धरलेली कुत्री वारंवार दिसत असतील, तर त्या छायाचित्रकाराचे काम इतरांसाठी कितीही चांगले असले, तरी बुजऱ्या कुत्र्यासाठी तो योग्य नाही.

त्याच्या बोलण्यातही काही खुणा सापडतात. 'कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे लागते' अशी भाषा कानावर आली तर सावध व्हावे. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या प्राणिवर्तनविषयक संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत, कुत्र्यांना शिकवताना बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात आणि धाक वा वेदना देणाऱ्या पद्धती टाळाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. हे प्रशिक्षणाबाबत खरे असेल, तर तासाभराच्या छायाचित्रणाबाबत तर अधिकच.

गावात तज्ज्ञ नसेल तर

मोठ्या शहरांत केवळ पाळीव प्राण्यांची छायाचित्रे काढणारे व्यावसायिक आता सापडतात. पालीसारख्या गावी छायाचित्रकार म्हणजे लग्न, मुंज, बारसे आणि ओळखपत्राची छायाचित्रे करणारा माणूस. म्हणून तो या कामाला निरुपयोगी ठरत नाही. लग्नाचे काम करणाऱ्याकडे लांब पल्ल्याची लेन्स बहुधा असते. शिवाय समोरच्याला न कळता क्षण टिपण्याचा सराव असतो. कमतरता असते ती कुत्र्याच्या भाषेची, आणि तेवढी शिकवणी मालकाला देता येते.

त्याला आधीच सांगावे, की दुचाकी बेड्याबाहेर लावा आणि हेल्मेट तेथेच काढा. आल्याबरोबर कुत्र्याकडे पाहू नका, हात पुढे करू नका, नावाने हाक मारू नका. घरच्या माणसांशी नेहमीसारख्या गप्पा मारत पडवीत बसा. कॅमेरा शेजारी जमिनीवर राहू द्या. कुत्रा स्वतः हुंगायला आला तर येऊ द्या, न आला तरी चालेल. तोंडाने चित्रविचित्र आवाज काढून त्याचे लक्ष वेधू नका. खळ्याच्या एका टोकाला मालक आणि कुत्रा, दुसऱ्या टोकाला छायाचित्रकार, तोही थोडा तिरका उभा. एवढी मांडणी पुरेशी असते. स्थानिक छायाचित्रकाराचा एक फायदा असाही, की तो पुन्हा येऊ शकतो. आज पंधरा मिनिटे, परवा पंधरा मिनिटे असे काम मुंबईहून बोलावलेल्या तज्ज्ञाकडून होणार नाही.

मालकाने लपवू नये

निवड दोन्ही बाजूंनी होत असते. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल, तर ते छायाचित्रकाराला सांगणे मालकाचे कर्तव्य आहे. 'सांगितले तर येणार नाही' या भीतीने गप्प बसणे हा त्या माणसावर अन्याय आहे आणि तो कायद्याच्या कचाट्यातही आणू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी जाणूनबुजून वा निष्काळजीपणे न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूला, प्राण्याला विनाकारण यातना देण्यास १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा मनाई करतो.

कुत्र्याची रेबीजची लस चालू आहे ना, हे तारीख बघून तपासावे आणि लसीकरणाचे पुस्तक गावी येताना बरोबर आणावे. तरीही चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. 'घरचाच कुत्रा आहे' म्हणून हळद लावून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेल्या लसीने मात्र तो टाळता येतो.

चावण्याची शक्यता असेल तर मुसके वापरण्यात कमीपणा नाही. ते जाळीचे असावे, म्हणजे कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येते आणि खाऊही घेता येतो. परंतु ते त्याच दिवशी पहिल्यांदा चढवू नये. काही आठवडे आधीपासून, मुसक्यातच खाऊ ठेवून, कुत्रा आपणहून तोंड आत घालेल अशी सवय लावावी. कॅमेऱ्याची ओळखही तशीच करून देता येते. घरातला कॅमेरा किंवा मोबाइल जमिनीवर ठेवावा आणि कुत्रा त्याच्याजवळ गेला की खाऊ द्यावा. मग तो हातात धरून खाऊ द्यावा, नंतर डोळ्यांसमोर धरून आणि शेवटी बटण दाबून. कुत्रा बिचकला, तर एक पायरी मागे यावे. रोज पाच मिनिटे पुरतात.

गुंगीच्या औषधाचा मोह मात्र टाळावा. काही औषधांनी कुत्रा शिथिल पडलेला दिसतो, पण त्याची भीती कमी झालेली असतेच असे नाही. माणसांच्या गोळ्या तर कदापि देऊ नयेत. भीती खरोखर तीव्र असेल, तर ओळखीच्या पशुवैद्यकाशी बरेच दिवस आधी बोलावे. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६ पासूनची परंपरा आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळलाही असे महाविद्यालय आहे. शहरातून निघण्यापूर्वी सल्ला घेणे गावी येऊन धावपळ करण्यापेक्षा सोयीचे.

प्रत्यक्ष दिवशी

गावी पोहोचल्याच्या दिवशी छायाचित्रण ठेवू नये; कुत्र्याला निदान दोन दिवस घराची, वासांची आणि माणसांची ओळख होऊ द्यावी. वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची निवडावी. तेव्हा प्रकाश मऊ असतो, उकाडा कमी असतो आणि रस्त्यावरची वर्दळही वाढलेली नसते. आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बागेत फटाके केव्हा वाजतात, याची चौकशी करावी. बेडे लावलेले आहे, गडग्याला कोठे भगदाड नाही, हे स्वतः फिरून पाहावे. गळपट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही घालून साखळी दोन्हींना अडकवावी. एक निसटला तरी दुसरा राहतो. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा.

कुत्रा एकाच माणसाकडे द्यावा आणि त्या माणसाने दुसरे काहीही करू नये. मुलांनी कुत्र्याला मिठी मारण्याऐवजी त्याच्या शेजारी, थोडे अंतर राखून बसावे. संपूर्ण कुटुंबाचे छायाचित्र हवे असेल, तर आधी कुत्र्याशिवाय सगळ्यांची जागा, प्रकाश आणि फोकस पक्का करावा. मग कुत्र्याला आणून दोन-तीन मिनिटांत काम आटोपावे. गर्दी सहन होत नसेल, तर कुत्रा आणि त्याचा लाडका माणूस वेगळे टिपून दोन्ही छायाचित्रे जोडता येतात. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात, तांबडा मात्र त्याला मळकट दिसतो. म्हणून नजर वेधायला हिरव्या गवतावर लाल चेंडूपेक्षा निळे खेळणे उपयोगी पडते.

आणि थांबण्याची एक खूण आधीच ठरवावी. जांभया, ओठ चाटणे सुरू झाले तर विश्रांती घ्यावी. कुत्रा थिजला, गुरगुरला किंवा खाऊ नाकारू लागला, तर त्या दिवसाचे काम संपले. एरवी खाऊवर तुटून पडणारा कुत्रा आवडीचा तुकडाही घेत नाही, तेव्हा तो फार ताणाखाली आहे, असे समजायला हरकत नाही.

काही कुत्र्यांसाठी छायाचित्रकार न बोलावणे हीच योग्य निवड असते. ज्याला घरात परका माणूस मुळीच सोसत नाही, त्याचे छायाचित्र घरातल्या माणसाने मोबाइलवर काढावे. माजघराच्या उंबऱ्यावर तो स्वस्थ झोपलेला असताना, खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात काढलेले छायाचित्र कदाचित तितके सफाईदार येणार नाही. पण त्यातला कुत्रा घरच्यांना ठाऊक असलेला असेल.

चौकट : ठरवण्यापूर्वी एवढे तपासा

– कुत्रा घाबरल्यास काम थांबवण्याची छायाचित्रकाराची तयारी आहे का?
– तो लांब पल्ल्याच्या लेन्सने, फ्लॅशशिवाय काम करील का?
– साखळी व मुसके ठेवून छायाचित्र घेण्यास त्याची हरकत नाही ना?
– काम अर्धवट राहिल्यास पैसे व पुढची तारीख यांबाबत लेखी ठरले आहे का?
– कुत्र्याच्या भीतीची आणि पूर्वीच्या चाव्याची पूर्ण माहिती त्याला दिली आहे का?
– रेबीजची लस चालू आहे का, आणि आवाराचे फाटक नीट लागते का?